न सांगता दिलेली पुडी

मीरा-भाईंदरच्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय.

'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. आमच्याकडे ती लोकलच्या डब्यात चिकटवलेली असते, गावाकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर. आमच्या गटातल्या एका ताईनं तशी पुडी आणली आणि नवऱ्याच्या डब्यातल्या आमटीत कालवली. तो भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला. संध्याकाळी पिऊन आला तो तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या थांबेनात. रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. पण पुडीचं कळल्यावर दोन महिने त्यानं तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. डबा स्वतः भरायला लागला. पिणं मात्र चालूच.

चूक आमचीही होती. पुडीसाठी तिनं गटातूनच कर्ज उचललं होतं, आणि आम्ही कारण माहीत असून 'घरखर्च' असं लिहिलं होतं.

अशा पुडीत काय आहे, ते आपल्याला कळत नाही. डायसल्फिरॅम नावाची गोळी खरीच असते. ती पोटात असताना दारू प्यायली की असाच त्रास होतो, रक्तदाब खाली जातो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ती तपासून, रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या होकारानंच देतात.

'मनात आणलं तर आज सोडेल' असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. पहिला पेला त्यानं स्वतः उचलला, कबूल. पण वर्षानुवर्षं प्यायल्यावर शरीर दारूला सरावतं. एकदम बंद केली तर हात थरथरतात, भास होतात, काहींना फिट येते. नुसती देवाची शपथ घालून खोलीत कोंडणं म्हणूनच धोक्याचं. निश्चय लागतो, तसा डॉक्टरही लागतो. आणि आजार आहे म्हणून त्याची जबाबदारी संपली, असंही नाही. मधुमेह कुणी मागून आणत नाही, पण पथ्य ज्याचं त्यालाच पाळावं लागतं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तिथं औषधाबरोबर आपसात बोलण्यावर भर असतो, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्यांना हात देतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्येही जन्मभराची शपथ नसते. फक्त आज प्यायची नाही. उद्याचं उद्या.

आपल्या ताईनंही काही ठरवलं. 'त्यांना ताप आलाय' असा कारखान्यात खोटा फोन करायचा नाही. गुत्त्याची उधारी फेडायची नाही. हात उगारला तर सोसायचं नाही, ११२ ला फोन करायचा. मग एका सकाळी, तो शुद्धीवर असताना म्हणाली, "चोरून काही घालणार नाही. तुम्ही दवाखान्यात येणार असाल तर मी बरोबर येते." दोनदा तो उठून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "चल."

मध्ये गणपतीत एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे गेला.

तुमच्या घरी विचारायचं असेल तर १४४४६ हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. पुडीसाठी मात्र आमच्या गटात आता कर्ज मिळत नाही.

डबा अजून तोच भरतो. ताई म्हणते, भरू दे.