आपत्ती येण्यापूर्वीचे काम

(सटाणा येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस थोडा विचार पडला. शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील खर्च हे विषय दरवर्षी निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु यंदा निराळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे असे वाटले. नैसर्गिक आपत्ती म्हणजे काय, ती नगरावर कोसळते तेव्हा काय घडते, आणि ती येण्यापूर्वी नगराने कोणती तयारी ठेवावी, हा तो प्रश्न होय. आनंदाच्या प्रसंगी हे कशाला, असे काहींच्या मनात येईल. तथापि ज्या गावी आपण आज जमलो आहो, त्या गावाचे दैवतच मुळी एका आपत्तीतून गावास लाभले आहे.

आरम नदीच्या काठचे श्री यशवंतराव महाराजांचे मंदिर आपणां सर्वांस परिचित आहे. मार्गशीर्ष वद्य एकादशीस यात्रा भरते, रथ निघतो, आपण दर्शन घेतो. ज्यांचे दर्शन घेतो ते यशवंत महादेव भोसेकर हे येथील मामलेदार होते. सन 1870-71 च्या दुष्काळात अन्नान्न झालेली प्रजा त्यांच्या दारी आली. त्यांनी प्रथम घरचे होते ते दिले. ते संपल्यावर सरकारी खजिना उघडला आणि एक लक्ष सत्तावीस हजार रुपये वाटून टाकले, असे परंपरा सांगते. पुढे तपासणीस अधिकारी आले तेव्हा खजिन्यातील रक्कम जशीच्या तशी भरली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेस आम्ही हात लावीत नाही. परंतु त्या कथेतील एक व्यवहाराची गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्यांनी वाटली ती रोकड. दुष्काळात माणूस मरतो तो बहुधा देशात कोठेच दाणा नसतो म्हणून नव्हे. शेतीचे काम बंद पडते, मजुरी बुडते, आणि बाजारात चढ्या भावाने असलेला दाणा घेण्यास त्याच्या हाती पैसा राहत नाही. ज्याच्या हाती पैसा आला त्याच्या गावाकडे धान्य चालत येते. देवमामलेदारांनी नेमके मर्मावर बोट ठेवले होते.

आता दुसरी बाजू पाहा. हे काम त्यांना नियमाबाहेर जाऊन, स्वतःची नोकरी पणास लावून करावे लागले. त्या काळी असा नियमच नव्हता. थोड्याच वर्षांनी, 1876 ते 1878 या काळात, दख्खनवर घोर दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि प्रांतोप्रांती दुष्काळाचे नियम लिहिले गेले. धान्याचे भाव किती चढले, लोक गाव सोडून निघाले काय, यावर नजर ठेवावी, आणि वेळीच कामे काढून मजुरी द्यावी, असे त्यांचे सार होते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात एका वेळी सुमारे पन्नास लक्ष माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणारे हात आणि सुकडीची चव आठवणारी वडील मंडळी या सभेतही असतील. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत झाला, आणि 2005 मध्ये साऱ्या देशाने तसाच कायदा केला. म्हणजे जे एका साधुपुरुषाने दयेपोटी केले, ते शंभर वर्षांनी सामान्य माणसाचा हक्क झाले. आमच्या आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच आहे. दर संकटाच्या वेळी देवमामलेदार जन्मास येईल, या भरवशावर कोणत्याही गावाने राहू नये. त्यांची दया आपण आधीच नियमात लिहून ठेवली पाहिजे.

दुष्काळ पावलापावलाने येतो. विचारास सवड देतो. पूर आणि भूकंप तशी सवड देत नाहीत. म्हणून तेथे आधीच्या कामाचे मोल अधिक. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या घरात माणसे गेली. भूकंपशास्त्राच्या मोजमापाने तो धक्का 6.2 इतका होता. जपानसारख्या देशात एवढ्या धक्क्यांतून बहुतेक घरे उभी राहतात. किल्लारीची घरे जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली, वर मातीचे जड माळवद असलेली होती. तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानला जात असे. म्हणून कोणी कधी भिंतीत आडवा पट्टा घातला नव्हता. धक्का निसर्गाचा होता, परंतु माणसे दबली ती स्वतःच्या छपराखाली. आपल्या बागलाणातही धाब्याची जुनी घरे आणि मातीत रचलेले वाडे अजून उभे आहेत. त्यांत आपली वृद्ध माणसे राहतात. त्यांचा विचार करण्यास भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पुराची गोष्ट याहून बोलकी आहे. नाशिकात गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्यास लागले की कमरेस, यावरून तेथील माणूस पुराचा अंदाज करतो. 1969 च्या महापुराची आठवण वृद्ध सांगत. 2008, 2016 आणि 2019 साली पुन्हा पाणी चढले. मारुती हा त्या शहराचा पूर मोजण्याचा दगड आहे. परंतु दगड मोजून देतो. मोजमाप मानावयाचे की नाही हे आपल्या हाती असते. पाणी दोन-चार वर्षे आले नाही म्हणजे तीच जागा दुकानांची होते.

पुण्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. लोंढा शहरात आला तो दिवसाउजेडी, म्हणून पुष्कळांस उंचावर पळता आले. रात्री आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नाही. शहराची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पाणी वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली. समुद्रास भरती, मिठी नदीचे पात्र भरावाने अरुंद झालेले. मग पाण्याने जावे कोठे? पाऊस आभाळातून पडला, परंतु नदीचे पात्र अरुंद केले ते माणसांनी.

आता आपल्या स्वतःच्या नदीचा प्रवास पाहा. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत पडलेला पाऊस मोसम आणि आरम या नद्यांतून गिरणेस मिळतो. गिरणा तापीस मिळते. आणि तापी उकाई धरणातून सुरतेस जाते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून फार मोठा विसर्ग सोडावा लागला आणि सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. आपल्या ओढ्यांचे पाणीही त्याच वाटेने जाते. आपली कितीतरी कुटुंबे व्यवसायानिमित्त सुरतेस आहेत. तेव्हा हे संकट परके नाही. परंतु सुरतेने पुढे जे केले ते शिकण्यासारखे आहे. वरच्या खोऱ्यात पाऊस किती झाला, धरणात पाणी किती येईल, याचा अंदाज काही दिवस आधी कळावा अशी पूर्वसूचनेची यंत्रणा त्या शहराने उभी केली. आधी कळलेल्या एका दिवसात एका घरातील म्हातारे माणूस, गाय आणि कागदपत्रे उंचावर नेता येतात.

तयारीने खरेच अंतर पडते काय, असे कोणी विचारील. ओडिशाकडे पाहावे. 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, कोणी कोणास उठवावयाचे हे ठरले. 2013 साली पुन्हा तसेच प्रबळ वादळ आले. या वेळी सुमारे दहा लक्ष लोक आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वाऱ्याचा जोर ओसरला नव्हता. माणसे शहाणी झाली होती.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हते असे नाही. मोसम आणि आरमच्या काठी आपल्या पूर्वजांनी फडपद्धती चालविली. नदीस बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, आणि पाणी फिरविण्यास पाटकरी. पाणी भरपूर असेल तर किती फड भिजवावयाचे, आणि तूट आली तर कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हे सर्वांनी मिळून हंगामापूर्वी ठरवावयाचे. ज्याची त्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली, म्हणून तुटीचा भार एकट्यादुकट्यावर पडत नसे. संकटात कोणी किती सोसावयाचे हे संकटापूर्वी ठरविणे, यालाच आजचे जाणते लोक आपत्ती व्यवस्थापन म्हणतात. आपले आजे ते बंधाऱ्यावर बसून करीत होते.

मग आज सटाण्यासारख्या नगराने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली, आठवण दगडावर कोरावी. आरमेचे पाणी कोणत्या साली कोठवर चढले हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे दरवर्षी एकेक करून जात आहेत. त्यांच्याकडून खुणा दाखवून घ्याव्या, भिंतीवर रेघ ओढावी, खाली साल लिहावे. घर बांधण्यापूर्वी ती रेघ पाहावी. दुसरी, पाण्याची वाट मोकळी ठेवावी. नाला बुजवून मिळालेला भूखंड स्वस्त असतो. पण एका रात्रीच्या पावसात त्याची उरलेली किंमत वसूल होते, आणि ती पुष्कळदा शेजाऱ्यास भरावी लागते. तिसरी, निरोपाची साखळी बांधावी. हवामान खात्याचा इशारा आता हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा अशा रंगांत येतो आणि हातातील फोनवर दिसतो. परंतु ज्या आजीस फोन वाचता येत नाही तिच्या दारापर्यंत तो कोण नेणार? गल्लीगल्लीतून दोन नावे ठरलेली असावी. चौथी, उन्हासही आपत्ती मानावे. अहमदाबादेस मे 2010 मध्ये उष्णतेच्या लाटेत पुष्कळ माणसे दगावली. 2013 पासून त्या शहराने उन्हाची कृतियोजना आखली, इशारे, पाणपोया आणि दवाखान्यांची सज्जता ठेवली. आपल्या शेजारच्या मालेगावचे ऊन सर्वांस ठाऊक आहे. उन्हात काम करणाऱ्या मजुरास दुपारची सुटी देणे ही काही मोठ्या खर्चाची गोष्ट नव्हे.

गारपिटीविषयी थोडेच बोलतो, कारण ती जखम अजून ओली आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा एप्रिल 2023 मध्ये हाताशी आलेले डाळिंब, द्राक्ष आणि कांदा घटकाभरात मातीत गेला. गार थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु पिकाची नोंद वेळेवर करणे, विम्याचे कागद नीट ठेवणे, आणि सारे एकाच बागेवर न लावणे, एवढे हाती आहे. आणि ज्याची बाग गेली त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन बसणे, हेही हाती आहे. एकटा पडलेला माणूस गारेने नव्हे, काळजीने खचतो.

आता शेवटी आपल्या मंडळाविषयी. आपत्ती आली की आपण निधी जमवतो, कपडे पाठवतो, यादी छापतो. हे चांगले आहे. पण ते नंतरचे काम झाले. आधीचे काम करण्यास आपल्यापाशी साधने आहेत. आपल्याजवळ घरोघरच्या कुटुंबांची नोंद आहे. तीत एक रकाना वाढवून एकटी राहणारी वृद्ध माणसे, अंथरुणास खिळलेले रुग्ण, नदीकाठची घरे टिपून ठेवता येतील. ज्ञातिसंस्थांची सभागृहे असतात. त्यांत मोठी भांडी, पाण्याची टाकी, सतरंज्या असतात. लग्नाच्या पंगतीस पाचशे पाने उठविणारी आपली मंडळी संकटात अन्नछत्र चालवू शकणार नाहीत काय?

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, मग ती कोणास रुचो वा न रुचो. आपली संस्था ज्ञातीची आहे, परंतु पाणी ज्ञाती पाहून घरात शिरत नाही. म्हणून त्या दिवशी आपल्या सभागृहाचे दार सर्वांस उघडे राहील, स्वयंपाक एक होईल आणि पंगत एक बसेल, असा ठराव आजच, डोके शांत असता, करून ठेवावा. हातघाईच्या वेळी माणसाचे मन आखडते. तेव्हा आधी लिहिलेला ठरावच उपयोगी पडतो. देवमामलेदारांनी खजिना उघडला तेव्हा रांगेतल्या माणसास जात विचारल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. त्यांच्या गावात जमून आपण याहून कमी करावे, हे शोभणारे नाही.

पुढील एकादशीस रथाची दोरी धरताना एवढे स्मरावे, की ज्यांचा हा रथ, त्यांनी संकटात किल्ली आपल्या हाताने फिरविली. त्यांच्यासारखे धैर्य प्रत्येकास लाभत नाही. परंतु सभागृहाची किल्ली कोणापाशी राहील आणि ती कोणत्या वेळी फिरवावयाची, एवढे आधी ठरवून ठेवणे आपणां सर्वांस साधण्याजोगे आहे.