घरात कसं बोललं जातं



लग्न जमवताना आपल्याकडे अजूनही घरातली मोठी माणसं सांगतात, 'घराणं बघून घ्या.' मुलाचं शिक्षण, मुलीची नोकरी हे सगळं बायोडेटात असतंच. खरी चौकशी चालते ती आईवडिलांची. त्यांचं पटतं का? घरात भांडणं होतात का? खाण तशी माती, हे गृहीतच धरलेलं असतं. आणि स्वभावाला औषध नाही, हेही. या दोन समजुतींबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण त्यांच्यापायी पंचविशीतली कितीतरी मुलंमुली आतून खचलेली दिसतात. 'आईबाबांचं आयुष्यभर पटलं नाही, मग माझा संसार कसा नीट होणार?' असं विचारणारं कुणीतरी तुमच्याही नात्यात असेल.

या प्रश्नाचं मला सापडलेलं सर्वांत भरवशाचं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून आलेलं आहे. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि वराहपालनाचा मुलूख. १९७०च्या दशकात तिथे जमिनीचे भाव चढतच गेले. त्या भरवशावर शेतकऱ्यांनी कर्जं काढून आणखी जमीन घेतली. मग व्याजाचे दर भडकले, धान्याची निर्यात घटली, आणि १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत शेतजमिनीची किंमत साठ टक्क्यांहून अधिक खाली आली. कर्ज तेवढंच राहिलं, तारण मात्र निम्म्याहून कमी. जप्त्या आल्या, लिलाव झाले, लहान गावांतली दुकानंसुद्धा बंद पडली. विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

१९८९ साली आयोवा स्टेट विद्यापीठातले रँड काँगर आणि त्यांचे सहकारी तिथल्या ग्रामीण भागातल्या ४५१ कुटुंबांकडे गेले. घरात सातवीतलं एक मूल, त्याच्या वयाजवळचं एक भावंड आणि आईवडील दोघंही, अशी ही कुटुंबं. प्रश्नावल्या भरून घेतल्याच, पण स्वतःबद्दल लिहिताना माणूस थोडं सावरूनच लिहितो. म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कुटुंबाला त्यांच्याच घरात एकत्र बसवलं, प्रश्नांची कार्डं हातात दिली, कॅमेरा सुरू केला आणि स्वतः बाजूला झाले. शाळेचं कसं चाललंय, घरातली कामं कोण करतं, कशावरून खटके उडतात, असे रोजचेच विषय. पुढे त्या चित्रफिती प्रशिक्षित निरीक्षकांनी बारकाईने पाहिल्या. मूल बोलत असताना वडील ऐकतात की मध्येच तोडतात? आईच्या सुरात कौतुक आहे की टोमणा? चुकलं तर कारण विचारलं जातं, की थेट दरडावलं जातं?

ही मुलं विशीत आल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. आता शेजारी जोडीदार होता. तसाच कॅमेरा, तशाच गप्पा, आणि चित्रफिती बघणारे निरीक्षक मात्र वेगळे. २००० साली या टप्प्याचे निष्कर्ष छापून आले. जोडीदाराशी जिव्हाळ्याने वागणारी, त्याचं म्हणणं ऐकून घेणारी मुलं कोणती निघाली? ज्यांच्या आईवडिलांनी त्यांना शाळकरी वयात मायेने वागवलं होतं, त्यांच्यात लक्ष घातलं होतं आणि शिस्तही समंजसपणे लावली होती, ती. आईवडील एकमेकांशी कसे वागत होते, हेही सोबत धरून पाहिलं, तर मुलं जोडीदाराशी कशी वागतील या अंदाजात वेगळी भर पडली नाही.

आपल्या चौकशीचा रोख किती चुकीच्या जागी असतो, हे यावरून ध्यानात यावं. मुलाने आईवडिलांचं भांडण पाहिलं, एवढ्याने तो भांडखोर नवरा ठरत नाही. खुद्द त्याच्याशी घरात कसं बोललं गेलं, हे तो बरोबर घेऊन जातो. अर्थात भांडणं निरुपद्रवी असतात असं मी म्हणत नाही. याच कुटुंबांत संशोधकांना दिसलं की पैशाची ओढाताण आधी आईवडिलांचं मन पोखरते, मग ते एकमेकांवर चिडतात, आणि ती चीड शेवटी मुलांवर निघते. ही साखळी मुलापर्यंत पोचू न देणारे आईबापही असतात. कर्जात बुडालेलं असूनही मुलाशी धड बोलणारा बाप मला फार मोठा माणूस वाटतो.

आपल्या घरांत एक गोष्ट नेहमी घडते. वसतिगृहात राहणारा मुलगा वडिलांना फोन करतो. 'पैसे पोचले का? अभ्यास चाललाय ना?' आणि लगेच, 'थांब, आईला देतो.' माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण त्या मुलाला पुढे बायकोशी, मुलीशी बोलायचं आहे, आणि पुरुषाने घरच्यांशी निवांत बोलावं कसं, हे त्याला या फोनवर शिकायला मिळालेलं नाही. वडिलांनी आणखी पाच मिनिटं फोन हातात धरावा, एवढं मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आता स्वभावाबद्दल. न्यूझीलंडमधल्या डनीडन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. त्यांतल्या ज्यांचा जोडीदार एकविसाव्या आणि सव्विसाव्या वर्षी वेगवेगळा होता, त्यांच्याकडे संशोधकांनी मुद्दाम पाहिलं. चटकन चिडणाऱ्या, सतत काळजी करणाऱ्या, लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटणाऱ्या माणसांना दोन्ही नात्यांत त्रास झाला. जोडीदार बदलला तरी कुरबुर तीच. हे ऐकून स्वभावाला औषध नाही, हेच खरं वाटेल. पण स्वभाव सोबत येतो याचा अर्थ तो गोठलेला असतो, असा नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशा दीर्घ अभ्यासांतले ९२ नमुने एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वभावातले सर्वांत मोठे बदल बालपणी किंवा सोळाव्या वर्षी नव्हे, तर विशी ते चाळिशीच्या दरम्यान आढळले. माणसं या वयात जास्त जबाबदार होतात, मनाने स्थिर होतात. जर्मनीत नायर आणि आसेनडॉर्प्फ या संशोधकांनी तरुणांना चार वर्षांच्या अंतराने दोनदा तपासलं. या काळात ज्यांचं पहिलंवहिलं गंभीर नातं जुळलं, त्यांची धास्ती आणि बुजरेपणा कमी झाला होता, आत्मविश्वास वाढला होता.

हे सारे अभ्यास परदेशातले आहेत, याचं भान ठेवायला हवं. आयोवातली कुटुंबं गोरी, ग्रामीण, चौकोनी. आपल्याकडे आजी असते, काका असतो, आत्या असते. वडिलांचा धाक असलेल्या घरात एखाद्या मामाने मुलाला जवळ बसवून ऐकून घेतलेलं असतं. आपली विद्यापीठं शेतकऱ्यांच्या घरांत अशीच वर्षानुवर्षं जात राहिली, तर या माणसांचा वाटा किती, ते कळेल. कर्जाचे आणि उत्पन्नाचे आकडे आपण जमवतो. घरातलं बोलणंही कुणीतरी नोंदवून ठेवावं, असं मला तळमळीने वाटतं.

आयोवातलं काम पुढेही चालू राहिलं. सातवीतली ती मुलं आईबाप झाली आणि तिसऱ्या पिढीसमोर कॅमेरा लागला. लहानपणी दरडावून वाढवलेली माणसं आपल्या मुलांनाही तसंच वाढवतात, हे दिसलंच. पण २०१३ साली काँगर आणि सहकाऱ्यांनी अशा आईबापांच्या जोडीदारांकडे पाहिलं. ज्यांचा जोडीदार त्यांच्याशी आपुलकीने आणि मोकळेपणी बोलत होता, त्यांचा तो जुना कठोरपणा मुलांपर्यंत पोचला नव्हता. जिथे जोडीदाराकडून ती आपुलकी नव्हती, तिथे तो पोचला होता.