रावळपिंडीचा पडदा, रोमचा नियम



इस्पितळातली सिस्टर म्हटलं की पांढऱ्या झग्यातली ख्रिस्ती धर्मभगिनी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. म्हणून ऐकून नवल वाटेल, की 1936 सालापर्यंत याच भगिनींना डॉक्टरकी करायला बंदी होती. जखमा धुवाव्यात, तापकऱ्याच्या उशाशी बसावं, इथपर्यंत ठीक. शस्त्रक्रिया करायची नाही, आणि बाळंतपण तर नाहीच नाही! धर्मगुरूंनी वैद्यकी करू नये हा निर्बंध मध्ययुगापासून चालत आलेला. 1917 च्या चर्चच्या विधिसंहितेत तो रोमच्या खास परवानगीची सवलत ठेवून कायम झाला, आणि धर्मसंघात राहणाऱ्यांनाही लागू राहिला. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल कशाला टाकावं, असा त्यामागे सोवळा विचार.

हे सोवळं मोडायला जिची चिकाटी कारणी लागली, त्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. पण आधी एडिंबराला जायला हवं, कारण तिथला एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

एडिंबरा विद्यापीठानं आपल्याला वैद्यकशास्त्र शिकवावं म्हणून 1869 पासून काही मुलींनी झगडा मांडला. त्यांतल्या एडिथ पीची पुढे मुंबईला आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. या मुलींच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बायकांत अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन होत्या. एडिंबरानं दार उघडलं नाही, तेव्हा त्या फ्रान्समध्ये माँपेलिएला गेल्या आणि 1878 साली तिथून डॉक्टर झाल्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. सत्तरी उलटल्यावर रावळपिंडीला जाऊन तिथं स्त्रिया आणि मुलांसाठी दवाखाना निघावा म्हणून खटपट केली. पडद्यातली बाई परपुरुषाला नाडी दाखवणार नाही, मग तो मोठा सर्जन का असेना. आपल्या आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला निघण्यापूर्वी 1883 साली बंगालातल्या सेरामपूरच्या भाषणात हेच सांगितलं होतं: या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात. मॅक्लॅरनबाईंना वाटे, सिस्टरांइतकं टिकून काम दुसरं कोण करणार? भगिनींना वैद्यकीची मुभा द्या, म्हणून त्यांनी रोमकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. 1913 साली त्या गेल्या. रोम हललं नव्हतं.

ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, स्टेग नावाच्या डोंगरी गावात 1892 साली जन्मलेल्या अ‍ॅनाला या बाईंची माहिती मिळाली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. दोघींची गाठ मात्र कधी पडली नाही. हिंदुस्थानात काम करायचं तर ब्रिटिश अमलाखालची पदवी हवी, म्हणून मॅक्लॅरनबाईंनी तिला आयर्लंडमधलं कॉर्क सुचवलं. तिथं ती शिकत असताना महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया आणि ब्रिटन शत्रू झाले, आणि ही मुलगी शत्रूच्या राज्यात शरीरशास्त्र घोकत राहिली. 1919 साली पदवी मिळाली, 1920 साली ती रावळपिंडीत पोचली.

तिथं रोग्यांना अंत नव्हता आणि डॉक्टर ही एकटी. दवाखान्यात नर्सचं काम करणाऱ्या धर्मभगिनी होत्या. आपणही त्यांच्यात जावं, असं तिच्या मनात आलं. पण व्रत घेतलं की डॉक्टरकी सोडावी लागणार. पडद्याआडच्या बाईला डॉक्टर मिळत नाही म्हणून ही मुलगी हजारो मैल आली, आणि देवाला वाहून घ्यायचं तर पडद्याआड तिनंच जायचं! एका धर्मगुरूकडे तिनं हा पेच मांडला. तुझ्या कामाला बसेल असा संघ तूच काढ, असा सल्ला त्यांनी दिला.

1925 च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये चारजणींनी संघ सुरू केला: दोघी डॉक्टर, दोघी नर्स. फादर मायकेल मॅथिस यांची साथ होती. इथं डेंगेलबाईंच्या डोक्याचं कौतुक करावंसं वाटतं. संघ एकत्र राहणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या बायकांचा, पण जाहीर व्रतं न घेता काढलेला. ज्यांनी व्रतंच घेतली नाहीत त्यांना व्रतस्थांचा नियम कसा लागू करणार? ही पळवाट होती, आणि मला ती फार आवडते. मॅक्लॅरनबाई आधी परवानगी मागत होत्या. डेंगेलबाईंनी आधी काम उभं केलं आणि परवानगीला मागून यायला लावलं. अर्थात याची किंमत होती. जगाच्या लेखी त्या सिस्टर, चर्चच्या कागदावर मात्र पुऱ्या सिस्टर नव्हेत, असं अकरा वर्षं चाललं.

11 फेब्रुवारी 1936 रोजी मिशनकार्य पाहणाऱ्या रोमच्या खात्यानं नवा आदेश काढला. भगिनींनी वैद्यकशास्त्र शिकावं, प्रसूतीचं कामही करावं, अशी आता मुभाच नव्हे तर उत्तेजन मिळालं. व्रतं घेऊन मेडिकल मिशन सिस्टर्स हा रीतसर धर्मसंघ झाला. डेंगेलबाई 1967 पर्यंत त्याच्या प्रमुख होत्या. 1980 साली रोममध्ये त्या वारल्या.

या आदेशाचं फळ कुठं दिसलं, तर पाटण्याला. 1948 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याहून एक सिस्टर तिथल्या, डेंगेलबाईंच्या संघाच्या होली फॅमिली हॉस्पिटलात दाखल झाली. लोरेटो संघाचं कॉन्व्हेंट सोडून, साडी नेसून आलेली. तिला झोपडपट्टीत काम करायचं होतं आणि त्याआधी या सिस्टरांकडून इंजेक्शन देणं, बाळंतपण करणं शिकायचं होतं. तिचं नाव तेरेसा. काही महिन्यांत ती शिकून परत गेली, आणि 1950 साली तिनं स्वतःचा संघ काढला. आपल्या मुली गरिबांसारख्याच भात आणि मीठ खाऊन राहतील, असा तिचा बेत होता. पाटण्याच्या सिस्टरांनी तो साफ मोडीत काढला. अशानं मुली आजारी पडतील, गरिबांची सेवा मग कोण करणार, असं त्यांनी सुनावलं. तेरेसांनी ऐकलं, आणि पुढे त्यांच्या संघात सिस्टरांना पोटभर साधं जेवण मिळू लागलं.