दुखऱ्या पायाचे अर्थशास्त्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या अनुमतीने मी बसूनच बोलणार आहे. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग माझ्या कमरेच्या आणि उजव्या मांडीच्या हाडांत पसरलेला असल्यामुळे फार वेळ उभे राहवत नाही. संयोजकांनी मला ‘आरोग्यसेवेचे अर्थकारण’ असा विस्तृत विषय दिला होता. त्यातील एक लहानसा तुकडाच मी निवडला आहे : कर्करोग हाडांत उतरल्यानंतर दुखणारा पाय आणि अवघड होत जाणारे चालणे. विषय खाजगी वाटेल. परंतु ज्याला आपण खाजगी दुःख म्हणतो त्याचा किती भाग निसर्गाने दिलेला असतो आणि किती भाग समाजव्यवस्थेने वाढविलेला असतो, हे तपासणे मी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य समजतो.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. या वेदनेचा फार मोठा भाग कमी करता येतो, चालणे पुष्कळ काळ टिकविता येते, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधने ज्ञात आहेत व स्वस्तही आहेत. तरीही आपल्या देशातील असंख्य रुग्ण कण्हत दिवस काढतात. उणीव ज्ञानाची नाही, वाटपाची आहे. आणि वाटपाचा प्रश्न तर आपण सारे जन्मभर मांडत आलो आहोत.

हाडात काय घडते?

हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नव्हे. आपल्या शरीरात हाड सतत मोडले जाते आणि सतत बांधले जाते. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. दोहोंचा समतोल असतो तोवर हाड भक्कम राहते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड व थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत शिरतात तेव्हा हा समतोल ढळतो. कोठे मोडण्याचे काम बेसुमार वाढते आणि हाड पोखरले जाते. कोठे, विशेषतः प्रोस्टेटच्या रोगात, नवे हाड भराभर पण अस्ताव्यस्त बांधले जाते. ते घट्ट दिसते, परंतु त्यात बळ नसते. मल्टिपल मायलोमा हा रोग तर अस्थिमज्जेतच उगम पावतो.

वेदनेचेही प्रकार आहेत व ते ओळखणे महत्त्वाचे आहे. खोल, ठणकणारी, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना हा एक प्रकार. पायावर भार देताच उठणारी कळ हा दुसरा. तिचा अर्थ असा की हाड शरीराचे ओझे पेलण्यास असमर्थ ठरू लागले आहे. अशा वेळी एक्स-रे काढून अस्थिशल्यतज्ज्ञाला दाखविणे अत्यावश्यक असते. हाड मोडण्यापूर्वी त्यात धातूची सळई बसविणे हे मोडल्यानंतरच्या शस्त्रक्रियेहून पुष्कळ सोपे असते आणि रुग्ण लवकर चालू लागतो. विजेसारखी पायात उतरणारी वेदना हा तिसरा प्रकार. तिचे मूळ मज्जातंतूवरील दाबात असते व तिची औषधे निराळी असतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी. कर्करुग्णाला पाठीत दुखत असताना दोन्ही पायांतील बळ जाऊ लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, तर कण्यातील मज्जारज्जूवर दाब आला असण्याचा संभव असतो. तेथे ‘उद्या सकाळी पाहू’ असे म्हणू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उपचार सुरू होताना जो चालत असतो त्याचे चालणे बहुधा टिकते. ज्याचे पाय गेलेले असतात त्याला ते परत मिळण्याची शक्यता फार कमी असते. येथे काही तासांची किंमत उरलेल्या आयुष्याइतकी असते.

उपचार आणि त्यांचा हिशेब

मूळ रोगावरील औषधोपचार चालू राहतोच. त्याखेरीज हाडाच्या वेदनेवर किरणोपचार हा प्रभावी उपाय आहे. दहा रुग्णांपैकी साधारण सहा-सात जणांना त्याने आराम पडतो. मात्र पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि पहिल्या दोन-चार दिवसांत वेदना थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो.

आता हिशेब पाहा. हाच उपचार दहा बैठकींत देता येतो आणि ८ ग्रे मात्रेच्या एकाच बैठकीतही देता येतो. अनेक देशांतील चाचण्यांनी असे दाखवून दिले आहे की, गुंतागुंत नसलेल्या हाडाच्या वेदनेपुरते पाहिले तर दोहोंचा आराम सारखाच असतो. एका बैठकीनंतर तोच उपचार पुन्हा करावा लागण्याचे प्रमाण अधिक असते, हेही खरे. परंतु गडचिरोली किंवा नंदुरबारहून शहरात येणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने दहा बैठकी म्हणजे दोन आठवड्यांची बुडालेली मजुरी, सोबत्याचीही बुडालेली मजुरी, आणि निवाऱ्याची चिंता. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने पिढ्यान्‌पिढ्या अशा कुटुंबांना आसरा दिला. पण तेथे जागा न मिळालेल्यांना परळचे पदपथ ठाऊक आहेत. म्हणून ‘माझ्या बाबतीत एका बैठकीत भागेल का?’ हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा. तो अडाण्याचा प्रश्न नाही. त्यामागे भक्कम शास्त्र आहे.

हाडे पोखरली जाण्याचा वेग कमी करणारे झोलेड्रोनिक ॲसिड हे इंजेक्शनही असेच. ते दर चार आठवड्यांनी देण्याचा प्रघात होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले की दर बारा आठवड्यांनी दिले तरी दोन वर्षांत हाडांचे उपद्रव वाढत नाहीत. फेऱ्या तिपटीने कमी होतात. ते घेण्यापूर्वी दात व मूत्रपिंड तपासून घ्यावे लागतात, कारण जबड्याचे हाड व मूत्रपिंड यांना त्यापासून क्वचित अपाय होतो.

चालणे टिकविण्यासाठी

औषधांइतकेच महत्त्व साध्या गोष्टींना आहे. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात धरण्याकडे माणसाचा कल असतो. ती विरुद्ध हातात धरावी. त्यामुळे दुखऱ्या खुब्यावरील भार कमी होतो. हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही बाजू दुखत असतील तर काठी सोडून चौपायी वॉकर घ्यावा, आणि त्याची लाज बाळगू नये.

घरात पडणे हा सर्वांत मोठा धोका. न्हाणीघरातील ओली फरशी, अंधारातला उंबरठा, सुटी सतरंजी यांनी किती मांड्या मोडल्या असतील याची गणती नाही. भिंतीला धरण्यासाठी लोखंडी नळी, बसून अंघोळ करण्यासाठी स्टूल, रात्री एक लहान दिवा, एवढी तजवीज पुरते. उकिडवे बसणे जमत नाही तेव्हा शौचकूपावर मध्ये भोक असलेली खुर्ची ठेवावी. गावचा सुतार ती एका दिवसात करून देतो. चाळीत शौचकूप गॅलरीच्या टोकाला असते आणि खेड्यात कधी घरामागे असते. रुग्णाच्या दृष्टीने ते वीस-तीस पावलांचे अंतर हाच दिवसातील सर्वांत मोठा प्रवास असतो. तो टाळण्यासाठी कित्येक वृद्ध स्त्रिया पाणी पिणेच सोडून देतात, हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

जोराची मालिश आणि हाडवैद्याचे ओढणे-पिळणे कटाक्षाने टाळावे. पोखरलेले हाड त्याने मोडू शकते. पण भीतीने अंथरुणाला खिळणेही तितकेच घातक. स्नायू झिजतात, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्त गोठते. एकच पोटरी एकाएकी सुजली तर डॉक्टरांना कळवावे. अस्थितज्ज्ञ व व्यायामोपचारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने झेपेल तेवढे, ठरावीक वेळी, थोडे थोडे चालावे. मी औषध घेतल्यानंतर तासाभराने चालतो. दिवसाचे बळ कोठे खर्च करायचे हे मी सकाळीच ठरवितो. अर्थशास्त्रातील ‘दुर्मिळ साधनांचे पर्यायी उपयोग’ ही व्याख्या मी आयुष्यभर शिकविली. तिचा इतका रोखठोक उपयोग पूर्वी कधी करावा लागला नव्हता.

अफूचे शेत आणि रुग्णाची खाट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तीव्र वेदनेवरील मूलभूत औषध मॉर्फिन. ते अफूपासून निघते. माळव्याची अफू एके काळी मुंबई बंदरातून चीनकडे जात होती आणि तिच्यावर अनेक पेढ्या गब्बर झाल्या, हा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. आजही मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत ती जाते. जगाला औषधी अफू पुरविणाऱ्या या देशात मात्र रुग्णाला मॉर्फिन मिळत नाही. २०१७ साली लॅन्सेट आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात या जातीची औषधे गरजेच्या सुमारे ४ टक्केच उपलब्ध होती. मॉर्फिनच्या साध्या गोळीची किंमत चहाच्या कपाहून अधिक नसते. म्हणजे येथे महागाईचा बहाणाही चालत नाही.

असे का व्हावे? १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. व्यसनाला आळा घालण्यासाठी तो केला गेला, परंतु परवान्यांचे असे जंजाळ व शिक्षेचे असे भय निर्माण झाले की रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फिन ठेवीनासे झाले. पुढील दहा-बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. वेदनानिवारणाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी, त्यांत केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल अग्रणी, दीर्घकाळ पाठपुरावा केला तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनेक परवान्यांच्या जागी राज्य औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. कायदा बदलला; मनातील भय मात्र राहिले.

त्या भयाचे निराकरण आपण करू शकतो. देखरेखीखाली वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णाला व्यसन जडणे विरळा. ते अखेरच्या घटकेचेही औषध नव्हे. गरज लागेल तेव्हा सुरू करता येते व गरज संपली की डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंदही करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले आहे की वेदनेचे औषध शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि वेदनेच्या पायरीनुसार द्यावे. कळ असह्य होईपर्यंत वाट पाहू नये. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सारक द्यावे. उलट, दुकानातून मनाने घेतलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्या तर जठर व मूत्रपिंड बिघडण्याचा धोका असतो. त्यांना मात्र कोणी भीत नाही!

सोसण्याचे तत्त्वज्ञान

मित्रहो, आपल्या चळवळीत सोसण्याला फार मान आहे. तुरुंग सोसले, लाठ्या सोसल्या. तो मान रास्तच आहे, कारण त्या सोसण्यामागे हेतू होता. रोगाची वेदना सोसून कोणाचेही काही भले होत नाही. ती झोप, भूक आणि विचारशक्ती हिरावून घेते. आणि सोसण्याचा उपदेश समाजात सारखा वाटला जात नाही, हेही पाहा. तो स्त्रीला अधिक केला जातो, मजुराला अधिक केला जातो. स्तनाच्या कर्करोगातून उठलेली एखादी काकू चार वर्षांनी कंबर धरून भाकरी थापत असते, आणि घरचे म्हणतात, वय झाले. ज्याला पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे त्याची टिकून राहणारी नवी हाडदुखी तपासलीच पाहिजे, एवढे वाक्य जरी आपण घरोघर पोचविले तरी काही जणांचे पाय वाचतील.

हे काम संघटित रीतीने होऊ शकते याचा दाखला आपल्या देशातच आहे. १९९३ साली कोझिकोडे येथे वेदनानिवारणासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे तिच्या प्रेरणेने केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. शिक्षक, कामगार, विद्यार्थी आठवड्यातील काही तास देतात, परिचारिकेबरोबर घरी जातात, आणि पंचायती त्यात सहभागी होतात. २००८ साली केरळ सरकारने या सेवेविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले. केंद्रानेही २०१२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला. कागद आहेत, ते हलविणारी माणसे हवीत.

तेव्हा माझी मागणी भाषणाच्या टाळ्यांची नाही. प्रत्येक तालुक्यातील आपल्या शाखेने तीन गोष्टी कराव्यात. आपल्या जिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन मिळते की नाही, नसल्यास मान्यतेचा अर्ज कोणाच्या टेबलावर अडला आहे, हे लेखी विचारावे. महात्मा फुले जनआरोग्य योजना, रेल्वेभाड्यातील सवलत, अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांसाठी रुग्णाच्या वतीने कचेरीच्या पायऱ्या चढावयास दोन तरुण नेमावेत, कारण त्या पायऱ्या चढणे हेच त्याला अशक्य असते. आणि एक वॉकर, एक भोकाची खुर्ची, दोन काठ्या शाखेच्या कार्यालयात ठेवाव्यात; ज्याला लागतील त्याने न्याव्यात, काम झाले की परत द्याव्यात. सामुदायिक मालकीचा इतका सोपा धडा दुसरा सापडणार नाही.

पुढील अभ्यासवर्ग तीन महिन्यांनी आहे. येताना आपल्या तालुक्यातील अशा रुग्णांची संख्या आणि जिल्हा रुग्णालयाचे उत्तर, ही दोन कागदे प्रत्येकाने सोबत आणावीत. चर्चा तेथूनच पुढे सुरू करू.