ओवीतली सीता कोणाची?



गाण्यात देवाचे नाव आले की ते गाणे भक्तीचे, असे ठरवून आपण मोकळे होतो. भोर-वेल्ह्याच्या मावळातील जात्यावरच्या ओव्यांना हा न्याय लावून चालत नाही. भोंगवलीसारख्या गावात पहाटे दळण मांडले, की पहिली ओवी देवाची. मग सासर, माहेर, भाऊ, लेकी. पण देव काही पहिल्या ओवीनंतर उठून जात नाहीत. ते त्या संसाराच्या गोष्टीतच येऊन बसतात.

सीतेचेच घ्या. वाल्मीकींची कैकेयी रामाचा वनवास मागते; सुनेला छळणारी सासू म्हणून ती तिथे उभी नाही. ओवीत मात्र ती अस्सल खाष्ट सासू आहे, आणि सीतेच्या नशिबी सासुरवास आहे. पुढे अरण्यात सीता रडते, तेव्हा तिची समजूत काढायला बोरी-बाभळी येतात, बायका होऊन! पोथी जाणणारा म्हणेल, हे चुकले. मला वाटते, ओवी जिथे पोथीची वाट सोडते, तिथेच कान द्यावा. सीतेची कथा कीर्तनातून ऐकलेली; तिच्यात पडलेली भर मात्र गाणारीच्या घरातली. बोर-बाभूळ म्हणजे बांधावरची काटेरी झाडे, सरपणाला जाताना भेटणारी. सासूविरुद्ध उघड बोलायची सोय नव्हती. सीतेच्या नावाने बोलले, तर समोर खुंटा धरून बसलेली सासूसुद्धा सूर धरी. तीही कधीकाळी सूनच होती की!

विठ्ठलाचेही तसेच. तो जनाबाईचे दळण दळू लागला, ही कथा सर्वांच्या परिचयाची. पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे जाते आजही दाखवतात. घरचा पुरुष ज्या कामाला हात लावीत नाही, ते काम देव करतो! ही नुसती भक्ती म्हणावी काय? पण ही नुसती तक्रार आहे, असे म्हणणेही तितकेच उणे. ज्या देवाजवळ गाऱ्हाणे सांगायचे, त्याच्यावर विश्वास असावाच लागतो.

दूर अमेरिकेतही हे घडले आहे. गुलामीत जन्मलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की आम्ही गाण्यात बायबलमधल्या कनान देशाचे नाव घेत असू, पण मनात असे उत्तरेकडचा मुलूख, जिथे गुलामी नव्हती. मालकाला ऐकू येई ते केवळ भजन.

मात्र अर्थ लावणाऱ्याने फार शहाणपणाही करू नये. प्रत्येक सीता म्हणजे गाणारीच, असे नाही. ती ओवी आईकडून आलेली असेल. लेकीच्या काळजीने म्हटली असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी या डोंगराळ भागापासून सुरुवात करून पुढे लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदले, हे मला फार मोलाचे वाटते.

गिरणी आली आणि जाते परसात जाऊन पडले. तरी लग्नघरी हळद दळायला ते अजून धुऊनपुसून मांडतात. तेव्हा एखादी आत्या, मावशी ओवी म्हणेल. ती जरूर उतरून घ्या, आणि मग विचारा, ‘‘मावशी, ही सीता कोणाची हो?’’ सांगतील, नाहीतर तोंडाला पदर लावून हसतील. तेही लिहून ठेवा.