दोघांचीही सोय

आज आम्ही अमेरिकेतल्या विमानांचा एक नियम सांगणार आहोत. तिथं अंध किंवा अपंग प्रवाशाचा शिकवलेला मदतनीस कुत्रा त्याच्या पायाशी बसून प्रवास करतो. पण शेजारच्या बाईला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर? कुत्र्याच्या लाळेनं, अंगावरच्या कोंड्यानं तिला शिंका येतात, दम लागतो. मग उतरवायचं कोणाला? कोणालाच नाही! दोघांना लांबलांबच्या जागा द्यायच्या. मात्र २०२१ पासून मदतनीस म्हणून कामाचं शिक्षण घेतलेला कुत्राच धरतात. नुसता लाडका प्राणी नाही.

आपल्या बैठकीतही कुणाला उदबत्तीचा धूर सोसत नसेल, तर तिला घरी पाठवू नका. उदबत्ती लांब लावा, तिला दाराशी बसवा. दोघींचंही भागतं.