पहिली टोपली कोणाची?



आज मी न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या विणकामाविषयी बोलणार आहे. ज्या झाडाच्या पानांनी हे काम चालते, त्याला इंग्रजी बोलणारे लोक ‘फ्लॅक्स’, म्हणजे आपली अळशी, म्हणतात. परंतु अळशीशी त्याचे काही नाते नाही. त्याचा धागा पाहून युरोपातून आलेल्यांना अळशीच्या धाग्याची आठवण झाली, एवढेच. माओरी त्याला ‘हाराकेके’ म्हणतात. तलवारीसारखी उभी, पुरुषाहूनही उंच वाढणारी अशी त्याची चिवट पाने असतात.

माओरींचे पूर्वज पॉलिनेशियातील उष्ण बेटांवरून आले. तिकडे ते केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया विणीत. नव्या देशाच्या थंड हवेत ते झाड वाढेना. तेव्हा त्यांनी हाराकेके हाती घेतले. घर सुटले, हात मात्र सुटला नाही!

हे झाड म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक कुटुंबच. मधला कोंब ‘रीतो’ हे मूल, त्याच्या दोन बाजूंची पाने आईबाप, आणि बाहेरची पाने आजे-पणजे. कापायची ती केवळ बाहेरची. मुलाला आणि आईबापांना हात लावायचा नाही. पावसात पाने कापायची नाहीत, रात्रीही नाहीत. काप तिरका द्यायचा, म्हणजे पाणी आत न साचता निथळून जाते. उरलेले तुकडेदेखील इतस्ततः न टाकता झाडाच्या बुंध्याशी परत ठेवायचे. यात श्रद्धा आहे, तसा शेतकऱ्याचा व्यवहारही आहे; कोंब कापला तर पुढच्या वर्षी विणणार कशाने?

मग पाने चिरून पट्ट्या करतात, बोथट कडेवरून ओढून त्या मऊ करतात, आणि टोपली विणतात. शिकणारीची पहिली टोपली बहुधा वाकडीच होते. पण तीच तिला सर्वांत लाडकी! आणि रिवाज असा की, ती पहिली वस्तू स्वतःजवळ ठेवायची नाही. कोणाला तरी देऊन टाकायची. आपण देतो ते बहुधा आपल्याजवळ उरलेले. येथे विद्येचा आरंभच सोडण्याने होतो.

या रिवाजाची खरी कसोटी पुढे लागली. ही विद्या घराण्यात आणि जमातीत राखण्याची रीत होती. परंतु विणणारे हात कमी होत चालले. रांगीमारिए हेटेट (१८९२–१९९५) आणि त्यांची कन्या डिगरेस ते कानावा (१९२०–२००९) या थोर विणकर. १९५१ साली स्थापन झालेल्या माओरी स्त्रियांच्या कल्याण संघाच्या द्वारा त्यांनी जमातीबाहेरच्या स्त्रियांनाही शिकवले. राखलेली विद्या मरते, दिलेली जगते, हे त्यांनी ओळखले. त्याच दशकात गिसबर्नच्या रेने ऑर्किस्टन या बाईंनी विणकामाचे उत्तम वाण शोधून आपल्या जागेत लावण्यास आरंभ केला, आणि १९८७ साली तो संग्रह सरकारी संशोधन संस्थेला देऊन टाकला.

श्रोतेहो, कोंब राखावा आणि पहिली टोपली द्यावी, या दोन गोष्टी वरवर उलट दिसतात. वस्तुतः दोन्हींचा हेतू एकच: आपल्यामागून येणाऱ्याला विणायला काही उरावे.